दरबार नसलेल्या गावचा गवई

यवतमाळकडचा माणूस पुण्यात भेटला की आधी उन्हाचा विषय निघतो, मग कापसाचा. गाण्याचा सहसा निघत नाही. मी तिकडचाच, म्हणून या वीकेंडला मुद्दाम तोच काढतोय.

ग्वाल्हेर, बडोदा, कोल्हापूर म्हटलं की पाठोपाठ गवयांची नावं येतात. यवतमाळ म्हटलं की येत नाहीत. आमच्याकडे सूर नव्हते असं नाही हो, दरबार नव्हता! वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. कचेऱ्या होत्या, जिनिंग होते, पण तनखा देऊन गवई पदरी ठेवणारा राजा नव्हता. म्हणजे आमचा गाणारा पहिल्यापासूनच ‘इंडिपेंडंट’. कीर्तन, भजन, जत्रा, गावात उतरलेली नाटक कंपनी, यावर त्याचं चालायचं.

गंमत म्हणजे दरबारवाल्यांवरही पुढे हीच वेळ येणार होती. ते आधी ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे पं. विष्णू नारायण भातखंडे. माणूस पेशाने वकील. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मग दिल्ली १९१८, बनारस १९१९, आणि १९२४-२५ मध्ये लखनौ. एरवी आपापल्या घराण्यात बंद असलेले उस्ताद आणि पंडित एका मांडवात आले. रागांच्या रूपावरून, श्रुतींवरून कडाक्याचे वाद झाले. पण या सगळ्या खटाटोपातून १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं, आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे तिथे प्राचार्य झाले. गवयाला राजाऐवजी कॉलेजचा पगार! परिषदेचा हा फायदा टाळ्यांपेक्षा कितीतरी मोठा.

दुसरा फायदा ओळखीचा. कुमार गंधर्व अवघे अकरा वर्षांचे असताना मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत गायले आणि जाणकारांच्या तोंडी नाव झालं. १९४६ मध्ये पुण्यात सवाई गंधर्वांच्या षष्ठ्यब्दीच्या समारंभात भीमसेन जोशी गायले, तेव्हा ते विशीत होते. त्या गाण्याने त्यांचं नाव झालं. आणि १९५३ पासून याच भीमसेनांनी गुरूंच्या नावाने पुण्यात महोत्सव सुरू ठेवला, जिथे पुढे अनेक नवख्यांना तशीच संधी मिळाली. मला यात हा भाग सगळ्यात आवडतो. ज्याला मांडवाने उभं केलं, त्याने दुसऱ्यांसाठी मांडव घातला.

पण ‘इंडस्ट्री कॉन्फरन्स’ म्हणजे काय हे बघायचं तर वडशाला जा. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथे एका गावात. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगावची मंडळी येतात, भाव करतात, तारीख पक्की करतात. नाटकात गाणारा, ऑर्गनवाला, तबलजी, सगळ्यांचा हंगाम या बुकिंगवर. तिकडे नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांमध्ये जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, तोच प्रकार. ना लॅपटॉप, ना गळ्यात बॅज, पण घेणारा आणि देणारा समोरासमोर! एकट्या कलाकाराने गावोगाव फिरून जे वर्षभरात होणार नाही, ते अशा ठिकाणी काही दिवसांत होतं.

आता कटू भाग. ‘एक्स्पोजर मिळेल’ या नावाखाली फुकट गाऊन घेणारेही भरपूर. माझ्या एका मित्राला नवरात्रात एका मंडळाने नऊ रात्री वाजवायला लावलं आणि शेवटी बिदागीऐवजी शाल-नारळ दिला. शालीने ईएमआय भरता येत नाही! म्हणून रक्कम, प्रवासखर्च आणि रेकॉर्डिंगचा हक्क आधी लिहून घ्यावा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यात आणला, पण तुमचं गाणं तुमच्या नावावर नोंदलेलंच नसेल तर तो वाटा कुणाला देणार?

शेवटी नोकरदारांसाठी एक उदाहरण. वसंतराव देशपांडे, जन्म १९२०, गाव मूर्तिजापूर, म्हणजे आमच्या वऱ्हाडातलंच. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गायले. ‘कट्यार काळजात घुसली’ आलं १९६७ मध्ये, वसंतराव सत्तेचाळिशीत असताना. आज नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या नावाने समारोह भरवतं. यवतमाळहून बसने जेमतेम तीन-चार तास.

पण असा समारोह गाणाऱ्याच्या कामी कधी येतो? समोर माणसं असतील तेव्हा. आपण काय करतो, तर मोठं नाव स्टेजवर यायच्या वेळेला पार्किंग शोधत पोचतो. पहिल्या तासाला जो गातो, ज्याचं नाव आपण ऐकलेलं नसतं, तो रिकाम्या खुर्च्यांसमोर गाऊन परत जातो. तो कदाचित घाटंजीचा असेल, वणीचा असेल, खंजिरी भजनावर वाढलेला असेल. त्याच्यामागे दरबार नाही, घराणं नाही. फक्त तो एक तास आहे.

तेव्हा या सीझनला जरा लवकर निघा. गाणं आवडलं तर नाव लिहून घ्या, आणि तुमच्या सोसायटीच्या गणपतीत त्याला बोलवा. बिदागी देऊन, अर्थात!