डोंगरापलीकडची तोफ

वारज्याच्या टेकडीवर उभे राहिले की नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. १६७० च्या फेब्रुवारीत तो गड सर झाल्यावर मावळ्यांनी गवती खोपटी पेटवून राजगडास खूण केली, असे परंपरा सांगते. परंतु त्याच्या दहा वर्षे आधी, १६६० च्या जुलैत, घोडखिंडीत बाजीप्रभू ज्या खुणेची वाट पाहत झुंजले, ती आवाजाची होती. विशाळगडावर तोफा वाजाव्यात आणि त्या खिंडीत ऐकू याव्यात, असा तो संकेत. जाळ डोंगराआड दिसत नाही; आवाज मात्र डोंगर ओलांडतो. तो कसा व किती ओलांडतो, हाच आपल्यापुढचा प्रश्न होय.

तोफेशी या शास्त्राचा संबंध जुना आहे. इंग्लंडात विल्यम डेरहॅम याने तोफेची चमक व आवाज यांतील अंतर मोजून १७०८ साली ध्वनीचा वेग सांगितला. मद्रासेत गोल्डिंगहॅम याने सेंट जॉर्ज किल्ला व सेंट थॉमस माउंट येथील तोफा ऐकून, हवामानाप्रमाणे हा वेग बदलतो, हे १८२३ साली प्रसिद्ध केले. पुढे स्टोक्सने १८५७ मध्ये वाऱ्याचा आणि रेनॉल्ड्सने १८७४ मध्ये उष्णतेचा परिणाम उलगडून दाखविला. दुपारी तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर वळतो व दूरचा मनुष्य जणू ध्वनीच्या सावलीत सापडतो. निरभ्र रात्री जमीन निवते आणि तोच ध्वनी खाली वाकून कोसभर अधिक जातो. सपाटीवर ही गत, मग सह्याद्रीत काय होत असेल?

हे गणित मांडताना हवेचे चौकोन पाडावे लागतात आणि प्रत्येक चौकोनातील दाब क्षणाक्षणाला काढावा लागतो. परंतु सरळ चौकोनांत डोंगराचा उतार बसवू गेले, की त्याच्या पायऱ्या होतात. मावळातला शेतकरी उतारावर भातखाचरांच्या पायऱ्या करतो, त्या पाण्यासाठी योग्यच. ध्वनीला मात्र त्या घातक. प्रत्येक पायरीवर लाट आपटते आणि निसर्गात नसलेले प्रतिध्वनी कागदावर उमटतात.

तेव्हा उपाय उलटा केला. डोंगर चौकोनात न कोंबता जाळेच डोंगरावर अंथरले. सर्वांत खालची रेघ जमिनीच्या चढउतारानुसार वाकते. वरच्या रेघा हळूहळू सरळ होतात. हवामानशास्त्रात हा मार्ग नॉर्मन फिलिप्स यांनी १९५७ साली दाखविला. कोणत्याही वेड्यावाकड्या आकाराला असे जाळे कसे विणावे, याची सर्वसाधारण रीत थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दिली. वक्र जाळे गणितात सरळ करून सोडवायचे, एवढेच त्यातले मर्म.

अर्थात हे फुकट मिळत नाही. जाळे वाकले की समीकरणांत उताराची नवी पदे शिरतात. रेघा जेथे दाटतात, तेथे काळाची पावलेही बारीक टाकावी लागतात. नाहीतर उत्तर भरकटते, हे कूरांट, फ्रीड्रिख्स व लेवी यांनी १९२८ सालीच दाखवून दिले होते. म्हणूनच अशा कामाला मोठी गणकयंत्रे हवीत. १९९१ साली आपल्या पुण्यातच तयार झालेला 'परम ८०००' हा महासंगणक त्याच जातीच्या कामांसाठी होता.

मग बाजीप्रभूंना तोफ ऐकू आली काय? गणित येथे साक्षीदार होऊ शकत नाही. त्या वेळचा वारा, पाऊस व तोफेतील दारू यांची नोंद आपल्यापाशी नाही. तोफेचा खोल, जड आवाज डोंगराच्या माथ्यावरून खाली वळतो आणि बारीक आवाज अलीकडेच अडतो, एवढे मात्र ते निश्चित सांगते. कोणत्या हवेत संकेत पोचला असता आणि कोणत्या हवेत नसता, हेही त्यावरून मांडता येईल. परंपरेला इतका आधार देणे वा इतकी मर्यादा घालणे, हे इतिहासाचेच काम आहे.

आणि हा प्रश्न केवळ गतकाळाचा नव्हे. वारज्यातून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो. रात्री त्याचा घोष टेकडीच्या कोणत्या अंगाच्या घरांत शिरेल आणि भिंत कोठे घातल्यास तो अडेल, हेही याच वाकड्या जाळ्याने काढावयाचे असते. जमीन सपाट आहे असे मानून घातलेली भिंत कदाचित काहीच अडवणार नाही, आणि झोप मात्र तेथे राहणाऱ्यांची मोडेल.