ही गाडी नेमकी कुणाची? बीएमडब्ल्यू आणि ९ डिसेंबर १९५९

मागे बसलेल्या मंडळींना ऐकू येतंय ना? ठीक आहे, सुरू करू.

आजचा विषय गाडीचा आहे, पण सुरुवात मी एका सभेपासून करतो. तारीख ९ डिसेंबर १९५९, वार बुधवार, शहर म्युनिक. बीएमडब्ल्यू कंपनीच्या भागधारकांची सर्वसाधारण सभा. आता सर्वसाधारण सभा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? व्यासपीठावर संचालक, समोर काही निवृत्त मंडळी, एकदोघांची लांबलेली भाषणं, ठराव मंजूर, मग चहा आणि घरी. (हशा) ही सभा मात्र दहा तासांहून जास्त चालली. त्या रात्री ती वेगळ्या तऱ्हेनं संपली असती, तर बीएमडब्ल्यू आज मर्सिडीजवाल्यांच्या मालकीचा एक कारखाना म्हणून उरली असती, किंवा तीही राहिली नसती.

या कंपनीच्या इतिहासात एक प्रश्न सारखा डोकावतो. ही गाडी नेमकी कुणाची? जो चालवतो त्याची, ज्याच्याकडे शेअर आहेत त्याची, की ज्यानं ती घडवली त्याची? आज आपण या प्रश्नाच्या मागे मागे जाणार आहोत.

पहिल्यांदा थोडी पार्श्वभूमी. बीएमडब्ल्यू म्हणजे बायरिशे मोटोरेन वेर्के, म्हणजे बव्हेरियातला मोटर कारखाना. नावात ‘मोटर’ आहे, पण सुरुवातीला मोटारगाडीचा पत्ता नव्हता. पहिल्या महायुद्धात ही मंडळी विमानाची इंजिनं बनवायची. कंपनी स्वतःची जन्मतारीख ७ मार्च १९१६ सांगते. युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहानं जर्मनीत विमान-इंजिनं बनवायला बंदी आली. मग काय करायचं? १९२३ मध्ये मोटरसायकल आली, आर ३२. आणि १९२८ मध्ये कंपनीनं आयझेनाख गावातला एक कारखाना विकत घेतला, तिथे डिक्सी नावाची छोटी गाडी बनत होती. ती गाडी मुळात इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची परवान्यावर बनवलेली आवृत्ती. म्हणजे बघा, बीएमडब्ल्यूची पहिली मोटारगाडी मुळात इंग्रजी.

इथेच त्या निळ्या-पांढऱ्या चिन्हाबद्दलही सांगून टाकतो. बहुतेकांना वाटतं की ते फिरणारं विमानाचं पातं आहे. तसं नाही. ते बव्हेरियाच्या झेंड्याचे रंग आहेत, आणि राज्याचं चिन्ह व्यापारासाठी वापरायला कायद्यानं मनाई होती म्हणून त्यांचा क्रम उलटा ठेवलेला आहे. पात्याची गोष्ट १९२९ च्या एका जाहिरातीतून आली. जाहिरातीतलं चित्र लोकांना आवडलं, कंपनीनंही ते खोडून काढण्याची घाई केली नाही. कंपनी स्वतःबद्दलची कोणती गोष्ट चालू देते, याचं हे साधं उदाहरण. लक्षात असू द्या, याची पुढे गरज लागणार आहे.

आता दुसरं महायुद्ध. हिटलरच्या काळात कंपनी पुन्हा विमान-इंजिनांकडे वळली आणि प्रचंड वाढली. फॉके-वुल्फ १९० या लढाऊ विमानात बीएमडब्ल्यूचं ८०१ इंजिन बसायचं. म्युनिकजवळच्या आलाखमध्ये त्यासाठी मोठा कारखाना होता, आणि त्याला लागून डाखाऊ या छळछावणीची उपछावणी होती. हजारो कैदी तिथे राबले. शिवाय व्यापलेल्या देशांतून आणलेले मजूर होते, युद्धकैदी होते. कित्येक जण तिथेच मेले. हे मी इथे एका परिच्छेदात सांगतोय, पण शेवटी याच्याकडे परत यायचं आहे.

१९४५ नंतर म्युनिकच्या कारखान्यातली यंत्रं नुकसानभरपाई म्हणून उचलून नेली गेली. गाड्या बनवणारा आयझेनाखचा कारखाना रशियाच्या ताब्यातल्या भागात गेला, आणि गंमत अशी की तिथे १९५२ पर्यंत बीएमडब्ल्यू याच नावानं गाड्या निघत राहिल्या! म्युनिकवाल्यांनी कोर्टात जाऊन नाव परत मिळवलं, मग त्या गाड्यांचं नाव ईएमडब्ल्यू झालं आणि निळ्याच्या जागी लाल रंग आला. म्हणजे आपला प्रश्न तेव्हाही होताच. नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा, मग गाडी कुणाची?

म्युनिकमध्ये मोटरसायकलवर कंपनी पुन्हा उभी राहिली. पण १९५० च्या दशकात एक मोठी चूक झाली. युद्धानंतरची पहिली गाडी ५०१. बाकदार, देखणी, लोक प्रेमानं तिला ‘बरोक देवदूत’ म्हणायचे. किंमत पंधरा हजार मार्कांहून जास्त. साध्या नोकरदाराचा जवळपास चार वर्षांचा पगार! घेणार कोण? मग ५०७ आली, अतिशय सुंदर दोन-आसनी गाडी. एल्व्हिस प्रेस्ली लष्करी सेवेसाठी जर्मनीत होता तेव्हा त्यानंही एक घेतली होती. पण अशा गाड्या अडीचशेच्या आसपासच बनल्या, आणि प्रत्येकीवर कंपनीचं नुकसान झालं.

दुसऱ्या टोकाला होती इझेटा. मूळ इटालियन रचना, परवान्यावर घेतलेली, १९५५ पासून. अंड्याच्या आकाराची, इंजिन मोटरसायकलचं, आणि दार एकच, तेही पुढे! फ्रिज उघडावा तसं गाडीचं तोंड उघडायचं. (हशा) भिंतीला नाक टेकवून गाडी लावली तर बाहेर पडायची पंचाईत. पण २५० सीसीची इझेटा मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता येत होती. पावसात भिजत फटफटी चालवणाऱ्या कुटुंबाला पहिल्यांदा डोक्यावर छप्पर मिळालं. एक लाख साठ हजारांहून जास्त इझेटा बनल्या. आपल्याकडे स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या पिढीला यातला आनंद वेगळा समजावून सांगायला नको.

अडचण कुठे होती? वर कोट्यधीशाची गाडी, खाली फटफटीवाल्याची गाडी, आणि मधे काहीच नाही. त्याच वेळी जर्मनीत मध्यमवर्ग झपाट्यानं वाढत होता. त्यांच्यासाठीची गाडी बीएमडब्ल्यूकडे नव्हती. १९५८ आणि १९५९, दोन्ही वर्षं मोठा तोटा.

आता आपण परत त्या सभेत जाऊ.

व्यवस्थापनाचा प्रस्ताव होता की कंपनी डाइमलर-बेन्झच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या हाती द्यायची. जुनं भांडवल कापून निम्मं करायचं, मग नवे शेअर काढायचे, आणि ते जुन्या भागधारकांना द्यायचेच नाहीत. म्हणजे पन्नास शेअर असलेल्या म्युनिकच्या एखाद्या दुकानदाराच्या हाती काय उरणार? जवळपास काही नाही.

आणि हे मांडत कोण होतं? पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष हान्स फाइट, डॉइचे बँकेचे. तिकडे डाइमलर-बेन्झच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष हेरमान आब्स, तेही डॉइचे बँकेचे! विकणारी बाजू आणि घेणारी बाजू, दोन्हीकडे एकच बँक. शिवाय जर्मनीत एक पद्धत होती. लोक आपले शेअर बँकेत ठेवायचे आणि सभेतलं मत त्यांच्या वतीनं बँकच द्यायची. म्हणजे शेअर तुमचा, मत बँकेचं. त्यामुळे मतदान झालं तर निकाल आधीच ठरलेला होता.

पण सभागृहात बसलेली माणसं ऐकेनात. छोटे भागधारक होते, बीएमडब्ल्यू विकणारे डीलर होते. डीलरांचं तर पोटच त्यावर. त्यांची बाजू मांडत होते फ्रँकफुर्टचे वकील फ्रीडरिश माटेर्न. त्यांच्या जोडीला डार्मश्टाटचे कोळशाचे व्यापारी एरिश नोल्ड, छोट्या भागधारकांच्या हक्कांसाठी सभा दणाणून सोडणारे गृहस्थ.

मतदानात जिंकता येणार नव्हतं, मग माटेर्ननी ताळेबंद उघडला. कंपनीनं नुकतीच ७०० नावाची एक नवी छोटी गाडी तयार केली होती. तिच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षाच्या खात्यात टाकलेला होता. विचार करा, गाडी पुढे कित्येक वर्षं विकली जाणार आणि खर्च मात्र एकाच वर्षाचा. साहजिकच तोटा फुगलेला दिसणार. कायदा असा होता की ताळेबंदातल्या नोंदीवर दहा टक्के भांडवलाच्या मालकांनी आक्षेप घेतला तर सभा तहकूब करावी लागते. बहुमत नको, फक्त दहा टक्के. तेवढे जमले, सभा तहकूब झाली, आणि डाइमलरच्या प्रस्तावाची मुदत त्याच दिवशी संपत होती. प्रस्ताव बारगळला.

मला यात काय महत्त्वाचं वाटतं सांगू का? इथे कुणी भावनेवर जिंकलं नाही. भावना होती, आरडाओरडाही भरपूर झाला. पण कंपनी वाचली ती कुणीतरी ताळेबंद नीट वाचला होता म्हणून, आणि दहा टक्क्यांना बोलायचा हक्क कायद्यानं दिला होता म्हणून.

सभा तहकूब झाली, पण पैसा कुठून येणार? इथे हर्बर्ट क्वांट येतात. मोठे उद्योगपती, दृष्टी लहानपणापासून अतिशय अधू. त्यांच्याकडे बीएमडब्ल्यूचे शेअर आधीपासून होते, आणि क्वांट घराण्याचा डाइमलरमध्येही हिस्सा होता. म्हणजे विक्री झाली असती तरी त्यांचं फार बिघडत नव्हतं. पण त्या सभेतला लोकांचा निर्धार त्यांनी पाहिला. कामगारांचे प्रतिनिधी कुर्ट गोल्डा यांनीही कंपनी स्वतंत्र ठेवा म्हणून त्यांच्याकडे आग्रह धरला. क्वांट यांनी हिस्सा वाढवला आणि १९६० मध्ये कंपनीची नव्यानं मांडणी झाली.

ती ७०० गाडी चांगली चालली, १ लाख ८८ हजार बनल्या. आणि १९६१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात १५०० आली. चार दरवाजे, चांगलं इंजिन, मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी. वर आणि खाली यांच्या मधली जागा भरली. १९६३ सालासाठी कंपनीनं पुन्हा लाभांश जाहीर केला. दशकाच्या शेवटी, १९६८ मध्ये, २००२ हे मॉडेल आलं. त्याची कथा छान आहे. कंपनीतल्याच दोन वरिष्ठांनी, एकमेकांना न सांगता, स्वतःसाठी छोट्या गाडीत मोठं दोन लिटरचं इंजिन बसवून घेतलं होतं. त्यांना हवी होती ती गाडी, आणि कळलं की लोकांनाही तीच हवी आहे. १९७५ च्या थ्री सिरीजमध्ये तर डॅशबोर्डचा मधला भागच चालकाकडे वळवला. बीएमडब्ल्यू बाळगणारे आजही तिच्याबद्दल बोलताना मागच्या सीटच्या आरामाबद्दल कमी आणि स्टिअरिंगबद्दल जास्त बोलतात, त्याचं मूळ इथे आहे.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होते. बँकेविरुद्ध छोटी माणसं, एक धीराचा उद्योगपती, मग भरभराट. कित्येक वर्षं ती अशीच सांगितली गेली. पात्याच्या गोष्टीसारखीच, सोयीची.

पण क्वांट घराण्याचा पैसा कुठला? हर्बर्टचे वडील ग्युंथर क्वांट बॅटऱ्या बनवणाऱ्या आफा कंपनीचे प्रमुख. युद्धकाळात पाणबुड्यांच्या बॅटऱ्या तिथेच बनायच्या. हानोफरच्या कारखान्यात नॉयएनगामं छळछावणीची उपछावणी होती. ग्युंथर यांच्या घटस्फोटित पत्नी माग्डा यांनी पुढे गोबेल्सशी लग्न केलं, ही गोष्ट लोक चवीनं सांगतात. पण कारखान्यात राबलेल्यांबद्दल घराणं गप्प होतं. २००७ मध्ये जर्मन टीव्हीवर या मौनावरच एक माहितीपट दाखवला गेला. त्यानंतर घराण्यानं बॉन विद्यापीठातले इतिहासकार योआखिम शोल्टिझेक यांना कागदपत्रं खुली केली. २०११ मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. सक्तीच्या मजुरीत ग्युंथर आणि हर्बर्ट, दोघांचाही सहभाग त्यात स्पष्ट झाला.

हे नीट वेगळं करून घ्या. युद्धकाळात बीएमडब्ल्यू क्वांटांची नव्हती. कंपनीचा गुन्हा आलाखचा, घराण्याचा गुन्हा हानोफरचा. दोन वेगळे हिशोब. पण १९६० मध्ये कंपनी वाचवायला जो पैसा लागला, त्यातला काही आलाखच्या इंजिन-कंपनीतला अर्धा हिस्सा एमएएनला विकून आला, आणि बाकी बळ क्वांटांच्या तिजोरीचं होतं. जिथे कैदी राबले तिथलाच वारसा नव्या गाडीच्या कामी आला. त्या सभेत डीलर होते, भागधारक होते, वकील होते. आलाखमध्ये राबलेल्यांच्या वतीनं मात्र बोलणारं कुणी नव्हतं. त्यांना दहा टक्क्यांचाही हक्क नव्हता.

पुढे जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून भरपाईसाठी दहा अब्ज मार्कांची प्रतिष्ठान-योजना केली. ती सुरू करणाऱ्या कंपन्यांत बीएमडब्ल्यू होती. पण वर्ष होतं २०००. पंचावन्न वर्षं उलटली होती, आणि राबलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर गेले होते.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. ‘मग ही गाडी घ्यावी की नाही?’ (हशा) तुमच्या खिशाचा प्रश्न मी कसा सोडवू? देखभालीचा खर्च आधी विचारा, एवढं मात्र सांगतो. घेतलीत तर मनापासून चालवा, इंजिन खरंच चांगलं असतं. फक्त कुणी सांगितलं की ते चिन्ह म्हणजे विमानाचं पातं आहे, तर तिथेच थांबू नका. ज्या विमानांची इंजिनं हा कारखाना बनवत होता, ती कुणाच्या हातांनी बनत होती, तेही त्याला सांगा.