गर्भारपणातील नैराश्य : जोखीम घटक

गरोदरपणात किमान दोन आठवडे टिकणारी उदासी, कशातच मन न लागणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला दोष देत राहणे ही या आजाराची मुख्य लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगातील सुमारे 10% गर्भवतींना मानसिक आजार, बहुधा नैराश्य, होतो; विकसनशील देशांत हे प्रमाण 15.6% आहे. थकवा आणि झोपमोड ‘दिवस गेल्यावर व्हायचंच’ म्हणून सोडून दिली जातात व निदान राहून जाते.

पूर्वी होऊन गेलेले नैराश्य हा सर्वांत ठळक घटक. त्याखालोखाल नवऱ्याशी बेबनाव, मारहाण, गरिबी, नको असताना राहिलेला गर्भ, आधीचा गर्भपात किंवा मृत अर्भक, कोवळे वय आणि एकटेपणा.

आपल्याकडचा सर्वांत उपयुक्त पुरावा गोव्याचा आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज व नंदिता डिसूझा यांनी जिल्हा रुग्णालयातील 270 गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत गाठून बाळंतपणानंतरही त्यांची पाहणी केली (प्रसिद्धी 2002). सहा ते आठ आठवड्यांनी 23% मातांत नैराश्य आढळले. त्यांपैकी 78% जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. म्हणजे ‘बाळंतपणानंतरचे’ म्हणून ओळखले जाणारे बहुतेक नैराश्य आधीच सुरू झालेले असते. आर्थिक ओढग्रस्त व बिघडलेले दांपत्यसंबंध हे मुख्य जोखीम घटक ठरले. बाळाचे लिंगही महत्त्वाचे ठरले : मारहाण आणि उपासमार यांचा मनावरील परिणाम मुलगा झाला की मुलगी, यानुसार बदलत होता.

हा निष्कर्ष खानदेशात विशेष गांभीर्याने घ्यावा लागतो. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली 842 होत्या. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्याने बंदी असली, तरी पहिली मुलगी असलेल्या सुनेवरील दडपण त्याने संपत नाही. एकटेपणाही आहेच : धुळे जिल्ह्याच्या साक्री-शिरपूर पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे हंगामात ऊसतोडीला गुजरातेकडे जातात. तपासण्या तुटतात, माहेरही दुरावते. धुळे शहरात पांझरा नदीपलीकडच्या देवपूरसारख्या वस्तीत प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तपासणीला सासू सोबत असते, प्रश्न सुनेला विचारला तरी ‘सगळं बरं आहे’ हे उत्तर सासूच देते. बाईला दोन मिनिटे एकटीला विचारणे, हा या नोंदीच्या मते सर्वांत स्वस्त तपास होय.

जैविक घटक : थायरॉइडचे विकार व रक्तक्षय यांचा संबंध सांगितला जातो, कार्यकारणभावाबद्दल एकमत नाही.

तपासणी : एडिनबरो प्रश्नावली (1987) प्रचलित. मागील सात दिवसांविषयी 10 प्रश्न, कमाल 30 गुण; शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. किती गुणांना नैराश्य म्हणावे, यावर मतभेद आहेत. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या 9 तारखेला होणाऱ्या गर्भवती तपासणीत ही प्रश्नावली सहज भरून घेता येईल.

उपचार : सौम्य आजारात समुपदेशन. गोव्यात प्रशिक्षित स्थानिक ‘सखीं’नी गर्भवतींना दिलेल्या मानसिक आधाराची चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र आजारात औषधे लागतात; चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. टेलि-मानस ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, उपलब्ध आहे.