खानदेशातून मिसर देशी

मिसर देशाची सहल ही खानदेशातील सुखवस्तू कुटुंबास आता अप्राप्य गोष्ट राहिलेली नाही. पारोळा, अमळनेर, एरंडोल अशा तालुक्याच्या गावांतूनही मंडळी इजिप्तच्या प्रवासाचे बेत आखू लागली आहेत. पूर्वी काशीयात्रेचा संकल्प झाला म्हणजे घरात जशी शिध्याची, सोबतीची आणि तीर्थोपाध्यायांची चर्चा चाले, तशीच आता विमानांच्या वेळांची, उपाहारगृहांची आणि नाईलवरील नौकांची चालते. कार्यक्रम बहुधा एकाच साच्याचा असतो. प्रथम कैरो, तेथे गीझाचे पिरॅमिड आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी समारंभपूर्वक उघडलेले नवे भव्य संग्रहालय, मग लुक्सोर, तेथून नाईलच्या पात्रातून तीन-चार रात्रींचा नौकाप्रवास करीत एडफू व कोम ओम्बो येथील देवळे पाहून अस्वान, तेथून अबू सिंबल, आणि सवड उरल्यास परतताना अलेक्झांड्रिया. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. कारण पुढे तेथील ऊन आपल्या वैशाखालाही लाजवील असे असते.

हा कार्यक्रम वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र तो कोणी, केव्हा व कोणासाठी आखला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास सुचल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसते की, ज्या वाटेने आपण आज हौसेने जाऊ इच्छितो ती वाट मुळात हिंदुस्थानच्या वाटेचाच एक तुकडा होती. आणि तिच्यावरून आपला माल व आपली माणसे आपल्या सहलीच्या कितीतरी आधी जाऊन आलेली आहेत. प्रवासाचा बेत करणाऱ्या कुटुंबापुढे ही हकीकत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या साच्याचा उगम पाहू. इंग्लंडातील टॉमस कुक याने १८६९ साली आपली पहिली टोळी नाईलच्या सफरीस नेली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरास सुएझचा कालवा जगाच्या वाहतुकीस खुला झाला. कुकच्या पेढीने पुढील काही वर्षांत नाईलवरील आगबोटींचा प्रवास जवळजवळ आपल्या मुठीत आणला. हिवाळ्याचा हंगाम, नदीतून दक्षिणेकडे जाणे, ठरलेल्या धक्क्यांवर उतरून ठरलेली देवळे पाहणे, रात्री नौकेवर मेजवानी, ही सारी व्यवस्था त्या काळी घडली. अस्वानचे प्रसिद्ध ‘ओल्ड कॅटरॅक्ट’ हॉटेल १८९९ साली याच पेढीने उभारले. लुक्सोरचे ‘विंटर पॅलेस’ १९०७ सालचे. आज आपण ज्याला राजेशाही थाट म्हणतो तो थंडी चुकविण्यासाठी दक्षिणेस येणाऱ्या विलायती श्रीमंतांच्या गरजेतून निर्माण झालेला आहे.

परंतु कुकसही ही वाट आयती मिळाली होती. कालव्यापूर्वी मुंबईची टपाल व मुंबईचे उतारू विलायतेस जात ते सुएझपर्यंत बोटीने, तेथून सुमारे ८४ मैलांचे वाळवंट ओलांडून कैरोस, आणि कैरोहून नाईल व महमुदिया कालव्याच्या मार्गे अलेक्झांड्रियास. या वाळवंटात घोडे बदलण्याची ठाणी असत आणि दोन चाकी गाड्यांतून उतारूंना हाडे खिळखिळी होईपर्यंत धावावे लागे. अलेक्झांड्रिया ते कैरो लोहमार्ग १८५६ साली, आणि कैरो ते सुएझ १८५८ साली तयार झाला. कैरोतील जुन्या काळचे नामांकित ‘शेफर्ड’ हॉटेल याच वाटसरूंवर पोसले गेले. मूळची ती इमारत १९५२ च्या जानेवारीतील दंगलीत जळाली. सारांश, पिरॅमिड पाहण्यासाठी ही सोय झाली नव्हती. हिंदुस्थानास लवकर पोहोचता यावे म्हणून ती झाली, आणि वाटेत पिरॅमिड होते.

आता याच्याही मागे जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिकाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आपले तेर, असल्याचे सांगितले आहे. या नगरांतून अकीकासारखे खडे आणि कापड गाड्यांवर लादून भडोचेस येई. पैठणहून उत्तरेस उतरणारी एक वाट चाळीसगावच्या बाजूच्या घाटांनी खानदेशात येते. त्याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, आणि तेथील दानलेखांत पैठणच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, नाव कोरलेले आहे. भडोचेस गलबतावर चढलेला माल तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा म्यॉस होर्मोस या बंदरांत उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठी येई आणि नदीने अलेक्झांड्रियास जाई. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदी सागवान सापडला. हिंदुस्थानी घडणीच्या एका रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. २०२२ सालच्या हंगामात बुद्धाची संगमरवरी मूर्ती निघाली. तेथेच मिळालेली सातवाहनांच्या राज्यातील दोन नाणी हा आमच्या मते सर्वांत बोलका पुरावा होय. कारण मूर्ती अलेक्झांड्रियाच्या बाजूस घडविता येते, नाणे मात्र कोणाच्या तरी कमरेच्या कशातूनच तेथवर जाते.

हा संबंध प्राचीन काळाबरोबर संपला असेही नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे या मार्गाने सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला. बऱ्हाणपूर हे त्या वेळी खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे. तेथील तलम कापड कोणकोणत्या मुलखांत जाते याची यादी देताना त्याने इराण, तुर्कस्थान, अरबस्थान यांच्या जोडीने कैरोचेही नाव घेतले आहे. तेव्हा जुन्या कैरोच्या खान अल-खलिली बाजारात फिरताना आमच्या गृहिणींनी तेथील दुकानदाराशी घासाघीस अवश्य करावी. परंतु तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या शहरात आपल्याकडचे कापड विकावयास येत असे, हे मनात असू द्यावे.

मालापाठोपाठ माणसांची हकीकत येते. १७९८ साली नेपोलियन मिसरात उतरला आणि हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंचांचा तळ पडला. त्यांना घालविण्यासाठी १८०१ साली इंग्रजांनी उत्तरेकडून एक सैन्य पाठविले. दुसरे सेनापती बेअर्ड याच्या हाताखाली हिंदुस्थानातून निघाले. आर्थर वेलस्लीही त्यात जावयाचा होता. पण मुंबईस आजारी पडून मागे राहिला. या फौजेत मुंबईच्या पलटणींतील शिपाई होते आणि त्या पलटणींत कोकणपट्टीतील मराठी माणसांचा भरणा मोठा असे. खानदेशचा कोणी त्यात असण्याचा संभव थोडा. कारण तेव्हा हा मुलूख पेशवाईत होता, शिंदे-होळकरांच्या धुमाळीत होरपळत होता, आणि पारोळ्याचा भुईकोट उभा राहून पाऊणशे वर्षे होत आली होती.

हे शिपाई तांबड्या समुद्रावरील कुसैर येथे उतरले. प्राचीन म्यॉस होर्मोस बंदराचे अवशेष याच गावाजवळ, उत्तरेस काही मैलांवर आहेत. म्हणजे सातवाहनकालीन माल जेथे उतरत असे जवळजवळ तेथेच, सतराशे वर्षांनंतर, मराठी बोलणारी माणसे उतरली; आणि त्या मालाच्याच पुरातन वाटेने, बहुतेक रात्रीची कूच करीत, पाण्याच्या पखाली उंटांवर लादून, सुमारे १२० मैलांचे वाळवंट तुडवीत नाईलकाठच्या किना या गावी पोहोचली. तेथून होड्यांनी कैरो. कैरोहून पुढे रोझेटा. ते पोहोचतात तो कैरोतील फ्रेंच आधीच शरण आले होते, आणि सप्टेंबरच्या आरंभी अलेक्झांड्रियाही पडले. लढाई फारशी करावी लागली नाही. पण त्यांचा मार्ग नकाशावर काढून पाहावा: किना, नाईल, कैरो, अलेक्झांड्रिया. आपल्या सहलीच्या कार्यक्रमाशी तो बराचसा जुळतो. फरक एवढाच की त्यांना पगारावर जावे लागले आणि आपण पैसे मोजून जातो.

किनाच्या समोर, नाईलच्या पलीकडच्या तीरावर देंदेरा येथे हाथोर देवतेचे मोठे देऊळ आहे. या देवीचे मुख स्त्रीचे आणि कान गाईचे असतात. हे देऊळ पाहून हिंदू शिपायांनी तेथील मूर्तींस नमस्कार केला, अशी हकीकत त्या काळच्या इंग्रजी लिखाणांतून येते. तिच्या आधारे पुढे काही युरोपीय पंडितांनी मिसरचा धर्म आणि हिंदूंचा धर्म मुळात एकच, असे इमले बांधले. ते इमले टिकले नाहीत, आणि टिकावयाचेही नव्हते. घरापासून हजारो कोस दूर आलेल्या माणसाने गाईचे कान असलेली देवी पाहून हात जोडले, यात तुलनात्मक धर्मशास्त्र नाही. आपल्याकडे अनोळखी गावच्या देवळासमोरूनही कोणी हात न जोडता जात नाही. मात्र मिसरातील देवळे पाहणाऱ्या हिंदी माणसांच्या मनाचा जो थोडा ठाव लागतो तो येथे. आणि तोही परक्यांच्या लेखणीतून.

यानंतर साठ वर्षांनी खानदेश आणि मिसर यांची गाठ निराळ्या रीतीने पडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना. त्याबरोबर खानदेशच्या काळ्या जमिनीत आणि नाईलच्या गाळात एकाच वेळी कापसाचे सोने झाले. मिसरचा लांब धाग्याचा कापूस आपल्या आखूड धाग्याच्या कापसाहून गिरणीवाल्यांस अधिक प्रिय होता. १८६३ साली गादीवर आलेल्या इस्माइल पाशाने त्या भरभराटीच्या जोरावर, आणि तिच्याहूनही अधिक कर्जाच्या जोरावर, पॅरिसच्या धर्तीवर नवे कैरो वसविले. कालव्याच्या उद्घाटनास येणाऱ्या युरोपातील राजेरजवाड्यांसाठी त्याने बांधलेला गझीरा बेटावरील वाडा आज एका मोठ्या हॉटेलचा भाग आहे. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. १८७५ साली इस्माइलने कालव्यातील आपले भाग सुमारे ४० लाख पौंडांस इंग्लंडला विकले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. एका बाजूस राजा, दुसऱ्या बाजूस कुणबी. परंतु दोघांच्या विपत्तीच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक कारण समाईक होते. राजाने पुढच्याच वर्षी दिवाळे काढले आणि १८८२ साली त्याचा देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कुणब्याचे काय झाले हे कापूस पिकविणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

शेवटी दोन महायुद्धे. ३ फेब्रुवारी १९१५ रोजी तुर्कांनी सुएझ कालव्यावर हल्ला केला तेव्हा तो परतविण्याचे काम मुख्यतः हिंदी पलटणींनी केले. मिसर व पॅलेस्टाइन येथे त्या युद्धात पडलेल्या सुमारे चार हजार हिंदी सैनिकांचे स्मारक कालव्याच्या दक्षिण टोकास पोर्ट ट्यूफिक येथे १९२६ साली उभे राहिले. पुढे इजिप्त व इस्राएल यांच्या लढायांत ते उद्ध्वस्त झाले. आणि १९८० साली त्या सैनिकांची नावे कैरोच्या हेलिओपोलिस भागातील युद्धस्मशानात नव्याने कोरण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात २१ जून १९४२ रोजी शेजारच्या लिबियातील तोब्रुक पडले, त्या वेळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण शत्रूच्या हाती सापडली. अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेस वाळवंटात एल अलामीन येथे जे विस्तीर्ण युद्धस्मशान आहे, त्यात दहन झालेल्या सहाशेहून अधिक सैनिकांचे वेगळे स्मारक आहे. दफन न करता दहन केले, यावरूनच ते कोणाचे असावेत हे वाचकांच्या ध्यानी येईल.

आता बेताकडे वळू. आमची सूचना खर्चाची नाही आणि फार वेळाचीही नाही. नौकेवरची मेजवानी, अबू सिंबलचे भव्य पुतळे, संग्रहालयातील तुतनखामेनचे सुवर्णभांडार, यांपैकी काहीही गाळू नये. अशा गोष्टी आयुष्यात पुनःपुन्हा पाहावयास मिळत नाहीत. फक्त पत्रक घेऊन येणाऱ्या प्रवासी कंपनीच्या मनुष्यास तीन गोष्टी विचाराव्या. लुक्सोरच्या मुक्कामात अर्धा दिवस काढून मोटारीने देंदेऱ्यास जाता येईल काय? कैरोस उतरलेल्या दिवशी, किंवा निघण्याच्या सकाळी, हेलिओपोलिसच्या युद्धस्मशानात तासभर थांबता येईल काय? आणि अलेक्झांड्रियास जाणारच असू, तर एक दिवस एल अलामीनसाठी राखता येईल काय? सामान्य पत्रकात यांपैकी बहुधा काहीच नसते. कारण ते पत्रक ज्या प्रवाशांसाठी प्रथम लिहिले गेले त्यांचे तेथे पाहण्याजोगे काही नव्हते. आपले आहे.

मुले बरोबर असल्यास त्यांना देंदेऱ्याच्या खांबांवरील गाईचे कान दाखवावेत आणि कुसैरहून आलेल्या शिपायांची गोष्ट सांगावी. हेलिओपोलिसास त्यांच्याकडून नावे वाचवून घ्यावीत. नावे रोमन लिपीत आहेत आणि परक्या कारकुनाने लिहिलेली असल्यामुळे काही ओळखू येण्यास वेळ लागतो. पण मोठ्याने वाचली म्हणजे लागतात.