मुरगावचा लोहमार्ग आणि आमचा पेडणे महाल

गोमंतकातील पहिल्या रेल्वेचा इतिहास बहुधा बंदर, घाट आणि दूधसागर यांच्या वर्णनात संपतो. तो मार्ग कोणाच्या मालासाठी झाला व त्याचे मोल कोणी दिले, हा प्रश्न मागे राहतो. धारगळसारख्या उत्तरेकडील गावातून पाहता आम्हांस हाच प्रश्न प्रथम दिसतो.

२६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी लोहमार्गाने जोडण्याचे ठरले व उभय मुलखांमधील जकातीची आडकाठी दूर झाली. मोबदल्यात गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेली; पोर्तुगीज सरकारास मात्र दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. आगरवाड्याची मिठागरे आमच्याच महालातली. ज्या मिठावर निर्बंध आले त्यात आमचेही मीठ होते. जो मार्ग झाला त्यात आमचे एकही गाव नव्हते.

लंडनमधील कंपनीने, पोर्तुगीज खजिन्याच्या हमीवर, मीटर रुंदीचा सुमारे ८२ किलोमीटरांचा हा मार्ग बांधला. मुरगाव ते सावर्डे हा भाग १८८७ त, व घाटासह पुढील भाग १८८८ त खुला झाला. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल पूर्णपणे बाजूस राहिले. मार्गाची सारी आशा घाटावरील कापूस आणि धान्य यांवर होती. परंतु मुंबईच्या रेल्वेमार्गांनी तो माल आपल्याकडे ओढला. उत्पन्न अपुरे पडे, आणि हमीचा बोजा गोव्याच्या तिजोरीवर येई. तह १८९२ च्या जानेवारीत संपला. १९०२ पासून मार्गाचा कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे गेला. पुढे मँगनीजच्या खनिजाने त्यास काही काळ आधार दिला. १९५५ त सरहद्द बंद झाली आणि तोही व्यवहार थांबला.

डिचोलीच्या खनिजाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेही मुरगावासच जाई. परंतु रेल्वेने नव्हे, मांडवीतून बार्जींनी. आमच्या उत्तरेचा खरा मालमार्ग नदी हाच राहिला.

पेडण्यास रेल्वे आली ती कोकण रेल्वे झाल्यावर. येथील मऊ मातीतील बोगदा हा त्या मार्गावरील शेवटचा मोठा अडथळा ठरला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गाचे उद्घाटन झाले. पहिल्या मार्गापासून हे अंतर एकशे दहा वर्षांचे.

लोहमार्ग आला म्हणजे प्रगती आली, असे आपण वर्गात सहज सांगतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते: गाडीत माल कोठला, आणि खर्च कोणाच्या खाती? आगरवाड्याच्या मिठागरांवरून पाहिले, तर त्याचे उत्तर मुरगावच्या धक्क्यावरून दिसणाऱ्या उत्तराहून वेगळे निघते. इतिहासात दोन्ही उत्तरांना जागा हवी.