मुलांचं अँटिबायोटिक : वय नव्हे, वजन बघा

नातवंडं आजारी पडली की आईबाप कामावर, आणि औषध पाजायला आपण आजी-आजोबा. म्हणून नर्सच्या नोकरीत जो हिशेब मी रोज करत होते, तो इथे सोपा करून लिहिते. डोस डॉक्टरच ठरवणार. आपण तो समजून घ्यायचा आणि बरोबर पाजायचा.

वजन कशासाठी?

एकाच वयाची दोन मुलं घ्या. एक १४ किलोचं, दुसरं २० किलोचं. दोघांना सारखं औषध दिलं तर एकाला कमी पडेल, नाहीतर दुसऱ्याला जास्त होईल. कमी पडलं तर जंतू पुरते मरत नाहीत, जास्त झालं तर उलट्या-जुलाब. म्हणून डोस 'दर किलोला इतके मिलिग्रॅम' असा काढतात. अगदी तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून पुरती तयार झालेली नसतात, त्याचा हिशेब थोरल्या भावंडावरून कधीच करू नये.

एक उदाहरण

कानाच्या इन्फेक्शनवर अमॉक्सिसिलिन पुष्कळदा दिवसाला दर किलोला ८० ते ९० मिलिग्रॅम देतात, दोन वेळांत वाटून. मूल १२ किलोचं असेल तर ८० च्या हिशेबाने दिवसाचे ९६० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळेला ४८०.

आता बाटली बघा. '५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम' असेल तर एका वेळेला ६ मिलिलिटर. '५ मिलिलिटरमध्ये २५०' असेल तर तोच डोस सुमारे साडेनऊ मिलिलिटर होतो. मागच्या वेळी ६ दिलं होतं म्हणून या पातळ बाटलीतूनही ६ च दिलं, तर मुलाला फक्त ३०० मिलिग्रॅम मिळतात. मिलिग्रॅम म्हणजे औषध, मिलिलिटर म्हणजे पाणी धरून माप. इथे 'सीसी' म्हणतात ते मिलिलिटरच.

मोठी मुलं

वजन ४० किलोच्या वर गेलं की अमॉक्सिसिलिनचा डोस बहुधा मोठ्या माणसासारखाच देतात. शिवाय डोसला वरची मर्यादा असते. स्ट्रेप जंतूमुळे घसा सुजला तर दिवसातून एकदा दर किलोला ५० मिलिग्रॅम, १० दिवस, अशी एक पद्धत आहे. त्यात २० किलोच्या मुलाला १००० मिलिग्रॅम होतात. पण ६० किलोच्या नातवाला ३००० नव्हेत, १०००च. वजन तिप्पट म्हणून औषध तिप्पट नाही.

चमच्याचा घोळ

आपल्या मराठीत सगळाच 'चमचा'. हिब्रूत 'कपित' म्हणजे लहान चमचा, ५ मिलिलिटर. 'कफ' म्हणजे मोठा, १५ मिलिलिटर. ऐकण्यात चूक झाली तर तिप्पट औषध पोटात! म्हणून स्वयंपाकघरातला चमचा नकोच. फार्मसीतून मापाची सिरिंज मागून घ्या आणि मुलाच्या आईकडून त्यावर डोसच्या रेघेशी पेनाने खूण करून ठेवा. चष्मा लावूनच माप घ्या.

लक्षात ठेवा

– डॉक्टरला मुलाचं आजचं वजन सांगा. टिपत हालावच्या वहीतलं जुनं वजन चालत नाही. अमेरिकेतली नातवंडं पौंड सांगतात. १ किलो म्हणजे २.२ पौंड.
– दर वेळी बाटली चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी राहतं. फ्रिजमध्ये ठेवायची का, आणि किती दिवसांनी टाकून द्यायची, ते फार्मसीत विचारा.
– एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.
– ताप उतरला तरी डॉक्टरला न विचारता औषध बंद करू नका. उरलेलं दुसऱ्या नातवंडाला नको. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागतच नाही.
– पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. औषधानंतर ओठ सुजले, श्वास अडकला, तर लगेच १०१ ला फोन.
– चुकून जास्त दिलं गेलं तर लपवू नका. हैफाच्या रांबाम हॉस्पिटलातलं विषबाधा माहिती केंद्र दिवसरात्र फोनवर सल्ला देतं.

सुनेला किंवा मुलीला 'किती मिलिलिटर?' असं पुन्हा विचारायला लाजू नका. हॉस्पिटलात आम्ही नर्सासुद्धा लहान मुलाचा डोस एकमेकींकडून तपासून घेत असू.