धंदा कोणता?



बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन हा आपला नारळी-पोफळीचा मुलूख. पण नुसत्या वाडीवर घर चालत नाही, म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आली. कोणी गिरणीत राबले, कोणी छापखान्यात, कोणी रबराच्या कारखान्यात. आणि उतारवयात गावी परतले. काही धंद्यांतला रोग मात्र काम सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी डोके वर काढतो. रक्ताचा कर्करोग हा त्यांतलाच एक.

इटलीत मोदेना शहरी १७०० साली बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जुने वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारीत, त्यांत त्याने एकाची भर घातली : तुझा धंदा कोणता? प्रश्न साधा खरा, पण पुढे त्याच्याच आधाराने एका विषाचा माग लागला.

ते विष म्हणजे बेंझिन. १८२५ साली मायकेल फॅरडेने दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून ते वेगळे काढले. रबर विरघळवायला, खळ पातळ करायला, रंग बनवायला ते फार सोयीचे. त्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते आणि हाडांच्या पोकळीतला मगज, जिथे रक्त तयार होते, तोच बिघडवते. १८९७ साली स्वीडनमध्ये सायकलचे टायर करणाऱ्या कारखान्यातल्या तरुण मुली रक्तस्राव होऊन दगावल्याची नोंद झाली. १९२८ साली फ्रान्समध्ये बेंझिन हाताळणाऱ्या कामगाराला रक्ताचा कर्करोग झाल्याचे डॉक्टरांनी लिहिले. पुढे इस्तंबूलच्या चांभारकामातल्या कामगारांकडे डॉ. अक्सोय यांचे लक्ष गेले. त्यांच्या खळीत बेंझिन असे. १९६७ ते १९७३ या काळात या कामगारांत तीव्र रक्तकर्करोगाचे किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे २६ रोगी सापडले. हे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे दुप्पट होते.

बेंझिन एकटेच नव्हे. किरणोत्सर्गावर आयुष्य वेचणाऱ्या इरेन ज्योलियो-क्यूरी १९५६ साली रक्ताच्या कर्करोगानेच गेल्या.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परमुलखातले. तसे नाही. आपल्याच जिल्ह्यात रसायनीला, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये बेंझिनपासून नायट्रोबेंझिन तयार होई. पेट्रोलमध्येही थोडे बेंझिन असते. आज देशात त्याची मर्यादा शेकडा एक आहे. म्हणून नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे, पेट्रोलने हात धुणे ह्या सवयी मोडल्याच पाहिजेत.

कायदे झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७१ साली बेंझिनविषयी करार केला. भारताने तो १९९१ साली मान्य केला. त्यात कामगाराची रक्ततपासणी कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक मुदतीने करण्यास सांगितले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात बेंझिनची विषबाधा ही कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत होती. अशा रोगाचा संशय आला तर, रोगी कामावर असो की पूर्वी कामावर असलेला असो, डॉक्टरने सरकारला लेखी कळवावे, असे बंधन त्या कायद्याने घातले. २०२० च्या नव्या संहितेतही ते आहे. पण डॉक्टरने धंदाच विचारला नाही, तर तो कळवणार काय? जगभर या रोगाचे ओझे हिशेबात कमी भरते, त्याचे एक कारण हेच. गिरणी मुंबईत, रोगी गावात आणि मधली वीस वर्षे कुठेच लिहिलेली नाहीत!

रक्ताचा प्रत्येक कर्करोग कामातूनच येतो, असे मुळीच नाही. पुष्कळांचे कारण कळतही नाही. म्हणून भिण्याचे कारण नाही, पण सावध राहायला हवे. फिकेपणा, न हटणारा ताप, हिरड्यांतून रक्त, कातडीवर काळेनिळे डाग दिसले, तर रक्त तपासून घ्यावे आणि आपण होऊन सांगावे, ‘डॉक्टरसाहेब, मी अमुक काम करीत होतो.’

शिक्षकमंडळींना एक विनंती. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या कामाची वही करायला सांगा : कोणते साल, कोणता कारखाना, कोणते खाते, हाताखाली कोणता माल. मुलांचा तो इतिहासाचा धडा होईल. आणि उद्या दवाखान्यात तीच वही एखाद्या आजोबांच्या कामी येईल, नुकसानभरपाईच्या दाव्यातही पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल.